एकच खुर्ची, दोन कायदे : वेल्समधला फुटबॉलचा आणि रग्बीचा प्रेक्षक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, शिकायला आलेल्या एका मराठी विद्यार्थ्याने महिन्याभरात दोन सामने पाहिले. फुटबॉलला दोन संघांच्या प्रेक्षकांमध्ये रिकाम्या खुर्च्यांवर जाळी ताणलेली होती, तिथे स्टुअर्डांची (मैदानावर शिस्त राखणाऱ्या कर्मचाऱ्यांची) रांग उभी होती आणि बिअरचा ग्लास घेऊन जागेवर जायला मनाई होती. रग्बीला मात्र शेजारच्याच खुर्चीवर किल्ट घातलेला स्कॉटिश माणूस बसला होता. दोघांच्या हातात बिअर होती आणि भांडणाचं नाव नव्हतं. मग रग्बीचे लोक मुळातच सुसंस्कृत असतात का? आणि वेल्समध्ये खरा मान कोणत्या खेळाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. वेल्समध्ये तर हे सहज दिसतं, कारण दोन्हीकडे माणसं बऱ्याच अंशी तीच असतात. शनिवारी कार्डिफ सिटीच्या फुटबॉल सामन्याला गेलेला माणूस फेब्रुवारीत वेल्सची लाल जर्सी घालून रग्बीला येतो. माणूस तोच, वागणं वेगळं. फरक पडतो तो सामना कसा आखलाय, तिकीट कुठून आलं, कायदा काय म्हणतो आणि तो खेळ किती वेळा खेळला जातो यामुळे.

स्वान्सीचं उदाहरण घ्या. 2005 साली तिथे नवं स्टेडियम उभं राहिलं आणि त्यात स्वान्सी सिटीचा फुटबॉल संघ आणि ऑस्प्रेज हा रग्बी संघ अशा दोघांनी पुढे अनेक वर्षं संसार केला. गवत तेच, खुर्च्या त्याच. फुटबॉलच्या दिवशी त्या खुर्चीवर बसून बिअर प्यायली तर तो गुन्हा. रग्बीच्या दिवशी त्याच खुर्चीवर प्यायली तर कायदा आडवा येत नाही. कारण आहे 1985 चा मद्यनियंत्रण कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये या कायद्याखाली नेमून दिलेल्या फुटबॉल सामन्यांना, सामन्याआधी दोन तास ते संपल्यानंतर एक तास या वेळात, जिथून मैदान दिसतं अशा कुठल्याही जागी प्रेक्षकाला मद्य बाळगता येत नाही. स्टँडखालच्या बारमध्ये प्या, पण ग्लास घेऊन पायऱ्या चढू नका. दारू पिऊन झिंगलेल्या अवस्थेत गेटमधून आत शिरायचा प्रयत्न हाही गुन्हा. सामन्यासाठी भाड्याने घेतलेल्या बसमध्ये दारू नेणं हाही गुन्हा. रग्बी या यादीत नाही. वेम्ब्लीचं काम चालू होतं तेव्हा, 2001 ते 2006, इंग्लंडच्या एफए कपचा (तिथल्या फुटबॉल क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा) अंतिम सामना कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये, म्हणजे आजच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये, व्हायचा. रग्बीच्या त्या माहेरघरातही त्या दिवसापुरते फुटबॉलचे नियम लागायचे.

या नियमांचा एक उलटा परिणामही होतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत फुटबॉलचा प्रेक्षक बारकडे धावतो आणि मिळेल ते घाईघाईने घशाखाली घालतो, कारण ग्लास वर नेता येत नाही. सामन्याआधी पबमध्ये जास्त पिऊन येतो, तेही त्यामुळेच. बंदीने पिणं कमी झालं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

हे कायदे आले कुठून, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे फुटबॉलच्या प्रेक्षकावर मोठा अन्याय झालेला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात फुटबॉलमध्ये टोळ्यांची मारामारी होती, हे खरंच आहे. 29 मे 1985 ला ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि 39 माणसं गेली. पण त्याच महिन्यात, 11 मे ला, ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून 56 जण मेले. तिथे कुणीही मारामारी केलेली नव्हती. स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला होता. आणि मग 15 एप्रिल 1989 ला शेफिल्डचं हिल्सबरो.

हिल्सबरोत काय झालं ते घड्याळ लावून पाहण्यासारखं आहे. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना, सुरुवात तीन वाजता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला मोजकीच फिरती गेट्स आणि बाहेर हजारोंची दाटी. ती फोडण्यासाठी 2 वाजून 52 मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचं एक मोठं गेट उघडलं. आत शिरल्यावर समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत, म्हणजे उभ्या प्रेक्षकांसाठी कुंपण घातलेल्या भागांत, उतरत होता. ते आधीच खचाखच भरलेले होते. बाजूच्या कोंडवाड्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला माणूस नव्हता आणि बोगदा कुणी बंद केला नाही. पुढे मैदानाकडे लोखंडी जाळी. सामना 3 वाजून 6 मिनिटांनी थांबवला. 97 माणसं गेली. त्याच दिवसापासून दोष प्रेक्षकांवर टाकला गेला: दारुडे होते, तिकिटाविना घुसले होते. तो डाग पुसायला मेलेल्यांच्या घरच्यांना 27 वर्षं झगडावं लागलं. 2016 साली दुसऱ्या चौकशीत ज्यूरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर हत्या आहेत आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही हात नव्हता.

‘फुटबॉलचा प्रेक्षक असतोच तसा’ हे वाक्य तोंडातून निघण्याआधी हा इतिहास आठवावा. जाळीत कोंडल्यामुळे माणसं मेली, आणि कोंडलं कशासाठी, तर सगळे गुंडच हे गृहीत धरून. हिल्सबरोच्या चौकशीचा टेलर अहवाल 1990 मध्ये आला, त्यानंतर जाळ्या गेल्या आणि वरच्या दोन विभागांत सगळीकडे खुर्च्या आल्या. रेलिंगला धरून उभं राहायची सुरक्षित सोय त्या मैदानांत परत आली ती थेट 2022 मध्ये.

रग्बीला या सगळ्याची झळ लागली नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे तिथे क्लबच्या सामन्यांना मुळात एवढी गर्दीच नसते. आणि जिथे सत्तर हजार लोक जमतात ते सामने देशाचे असतात, वर्षातून मोजके. सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक रग्बी स्पर्धेत, प्रत्येक संघाचे पाच सामने: एका वर्षी दोन घरी, पुढच्या वर्षी तीन. तुमच्या शेजारी बसलेला स्कॉटिश माणूस दोन वर्षांनी एकदा कार्डिफला येतो. त्याने हॉटेल घेतलंय, बायको किंवा मित्र बरोबर आहेत, तो सणाला आलाय. याउलट इंग्लिश फुटबॉलच्या चॅम्पियनशिप या दुसऱ्या विभागात 24 संघ आणि प्रत्येकाचे 46 लीग सामने असतात. त्यातले 23 परगावी, पावसात, मंगळवारी रात्रीसुद्धा. हरलात तर खालच्या विभागात घसरण. त्या घसरणीने क्लबचा पैसा जातो, खेळाडू जातात. दर आठवड्याला असा जीव टांगणीला लागलेला माणूस आणि दोन वर्षांनी सहलीला आलेला माणूस यांची तुलना सरळसरळ करताच येत नाही.

तुलना करायचीच तर फुटबॉलच्या देशाच्या सामन्याशी करा. वेल्सच्या फुटबॉल संघामागे जाणारी ‘रेड वॉल’, म्हणजे लाल भिंत, पाहा: डोक्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या बकेट हॅट, वेल्श भाषेतली गाणी, घरची पोरंटोरं बरोबर. क्लबच्या सामन्याला एकमेकांचं तोंड न पाहणारे कार्डिफचे आणि स्वान्सीचे लोक तिथे एकाच स्टँडमध्ये गातात.

आणि क्लबच्या सामन्याला ते कसे भेटतात? कार्डिफ सिटी विरुद्ध स्वान्सी सिटी हा सामना म्हणजे पोलिसी बंदोबस्ताचा कडेलोट. 1993 च्या दंगलीनंतर काही वर्षं पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना यायलाच बंदी होती. नंतर ‘बबल’ पद्धत आली: पाहुण्याला तिकीट हवं तर क्लबच्याच बसने जायचं. स्वतःची गाडी नाही, ट्रेन नाही. बसेसचा ताफा पोलिसांच्या गाड्यांमध्ये निघतो, थेट पाहुण्यांच्या गेटशी थांबतो, आणि सामना संपल्यावर बाहेरचा रस्ता रिकामा होईपर्यंत यांना आत थांबवून ठेवतात. दोन शहरांत अंतर जेमतेम 65 किलोमीटर. ज्याचा भाऊ कार्डिफलाच राहतो त्यालाही आधी स्वान्सीला जाऊन बस पकडावी लागते. माणसाला अशा रीतीने आणलं की तोही तसाच वागायला लागतो. बंदोबस्त अनावश्यक आहे असं म्हणणं नाही, पण त्याने वैर जिवंत राहतं हेही खरं.

रग्बीत उलट चक्र फिरतं. वेल्श रग्बी युनियन तिकिटांचा मोठा वाटा गावोगावच्या संलग्न क्लबांना देते. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडाच्या खोऱ्यातल्या क्लबचं तिकीट तिथल्या सेक्रेटरीच्या हातून मिळतं, बस क्लबची असते, बसमध्ये शाळेतला मास्तर आणि शेजारचे काका असतात. दंगा केलात तर पुढच्या वर्षी तिकीट मिळणार नाही आणि सोमवारी गावभर कळेल. पाहुण्या देशाची तिकिटंही स्टेडियमभर विखुरलेली असतात, त्यामुळे ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असा कोपरा तयारच होत नाही. शंभर माणसांच्या घोळक्यात जे ओरडवतं, ते आजूबाजूला आठ परके बसले असताना ओरडवत नाही. बंदोबस्ताचं काम शेजारीच करतात.

खेळाच्या रचनेचाही हात आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा कमी. रग्बीत ट्रायला (चेंडू विरोधकाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की) 5 गुण, त्यावर कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतरच्या किकचे, 2, आणि विरोधकाच्या चुकीबद्दल मिळालेल्या पेनल्टी किकचे 3. सामन्यात धावफलक सतत हलत राहतो आणि ताण थोडा थोडा निघून जातो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एकच गोल होऊ शकतो आणि तो एका चुकीच्या शिट्टीवर जाऊ शकतो. म्हणून फुटबॉलचा प्रेक्षक रेफरीवर चवताळतो. रग्बीत रेफरीच्या अंगावर माईक असतो. त्याने पेनल्टी का दिली ते टीव्हीवर ऐकू येतं, आणि मैदानात बसलेल्यालाही कानात घालायच्या छोट्या रेडिओवर ऐकता येतं. निर्णय पटला नाही तरी कारण कळतं. त्याच्याशी बोलायचं ते कर्णधाराने. इतरांनी हुज्जत घातली तर पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. फुटबॉलने ‘फक्त कर्णधार बोलेल’ ही शिस्त 2024 पासून घ्यायला सुरुवात केली. उशिरा, पण घेतली ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष कानांनी अनुभवावी अशी. आयर्लंडमध्ये लिमरिकच्या थोमंड पार्कवर किक घेणारा खेळाडू चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवायच्या छोट्या टेकूवर) ठेवतो आणि पंचवीस हजारांचं मैदान गप्प होतं. खेळाडू पाहुण्या संघाचा असला तरी. दूरच्या रस्त्यावरची गाडी ऐकू येते. कार्डिफमध्ये एवढी शांतता पाळली जात नाही, आणि हल्ली तर हुर्योही होते.

गाण्याचं वेगळं सांगायला हवं. फुटबॉलची गाणी समोरच्याला डिवचण्यासाठी असतात. एक स्टँड टोमणा मारतो, दुसरा त्याच चालीवर उलटवतो, आणि शब्द तासाभरापूर्वीच्या घटनेवरही रचलेले असतात. ही लोककलाच आहे, आणि तिला फार कमी लेखलं जातं. वेल्सच्या रग्बीचं गाणं चॅपेलमधून, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमधून, आलं: खाणीतले कामगार रविवारी प्रार्थनागीतं चार सुरांत गायचे, तीच मैदानात आली. 16 डिसेंबर 1905 ला कार्डिफमध्ये न्यूझीलंडने आपला हाका (सामन्याआधीचा माओरी आव्हाननाच) केला, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी उत्तरादाखल वेल्श राष्ट्रगीत सुरू केलं आणि सारं मैदान गाऊ लागलं. वेल्स 3-0 जिंकला. खेळाआधी राष्ट्रगीत म्हणण्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथूनच मोजतात.

आता ‘रग्बी साहेबांचा, फुटबॉल कामगारांचा’ या समजुतीबद्दल. इंग्लंडपुरती ती बरीचशी खरी आहे. 1863 मध्ये फुटबॉलचे नियम ठरताना विरोधकाच्या नडगीवर लाथ मारायची मुभा राहावी म्हणून ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला, आणि 1871 मध्ये रग्बी युनियन ही रग्बीची संघटना निघाली. फुटबॉलने 1885 मध्येच खेळाडूला पैसे द्यायला मान्यता दिली. रग्बीने नकार दिला. शनिवारी खेळलं तर मजुरी बुडते, ती भरून द्या, एवढंच उत्तरेतल्या कामगारांच्या क्लबांचं मागणं होतं. ते धुडकावल्यावर 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डमध्ये 22 क्लब वेगळे झाले आणि त्यातून पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग आली. पंधरा खेळाडूंची मूळ रग्बी, म्हणजे रग्बी युनियन, उघडपणे व्यावसायिक झाली ती 1995 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. या शंभर वर्षांत इंग्लंडमधली रग्बी युनियन बरीचशी फीवाल्या शाळांत राहिली. जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट: इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो कप कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बंद होताना बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून बनवला. त्याला नागाच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती.

वेल्समध्ये मात्र हा वर्गभेद लागूच होत नाही. तिथे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे दांडगे खेळाडू खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात त्या रचनेच्या) पहिल्या रांगेत खाणकामगार आणि पोलाद कारखान्यातले लोक होते, आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर, शिक्षक. तरीही स्टँडमधलं वातावरण मिसळलेलंच राहिलं. म्हणजे श्रीमंतीमुळे सभ्यता आली, हा युक्तिवाद इथे कोसळतो.

रग्बीची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये जागेवर बसून पिता येत असल्याने सामना पाहण्याऐवजी लोक रांगेतून सारखे उठतात. चार ग्लासांचा ट्रे सांभाळत जाणाऱ्यासाठी अख्खी रांग दर दहा मिनिटांनी उभी राहते. मुलांना घेऊन आलेल्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की युनियनला मद्यमुक्त विभाग करावा लागला. 6 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वेल्सची चढाई रंगात असताना एक प्रेक्षक मैदानात घुसला आणि चाल मोडली. वेल्स 18-23 हरला. फुटबॉलमध्ये मैदानात उतरणं हा 1991 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी न्यायालय तीन ते पाच वर्षांची सामनाबंदी लावू शकतं. रग्बीला तो कायदा लागू नाही. रेफरी वेन बार्न्स यांना आणि त्यांच्या कुटुंबाला आलेल्या धमक्याही रग्बीच्याच चाहत्यांकडून आल्या होत्या.

आता महत्त्वाचं कोण? वेल्सचा नकाशा आधी डोळ्यांसमोर आणा. फुटबॉल संघटना 1876 मध्ये उत्तरेत रेक्सममध्ये निघाली, रग्बी संघटना 1881 मध्ये दक्षिणेत नीथला. उत्तर फुटबॉलची, दक्षिणेतली खोरी रग्बीची, ही विभागणी अजून जाणवते. विसाव्या शतकात देशाची ओळख रग्बीने दिली, कारण तिथे वेल्स इंग्लंडला हरवू शकत होता. फुटबॉलमध्ये 1958 च्या विश्वचषकानंतर मोठ्या स्पर्धेत जायला 2016 उजाडलं. पण त्या वर्षी वेल्सने बेल्जियमला 3-1 हरवून युरोची (युरोपच्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची) उपांत्य फेरी गाठली, 2022 मध्ये विश्वचषक गाठला, आणि तराजू हलला. त्याच सुमारास रग्बी संघ ढासळला: ऑक्टोबर 2023 ते जुलै 2025 मध्ये लागोपाठ 18 कसोट्यांत, म्हणजे देशाच्या सामन्यांत, हार.

रग्बीचं खरं दुखणं त्याहून खोल आहे. 2003 मध्ये युनियनने जुने क्लब वरच्या स्तरावरून बाजूला सारून पाच प्रादेशिक संघ केले. नीथ आणि स्वान्सी या पिढीजात वैऱ्यांना एका जर्सीत घातलं. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंडचा जो संघ केला तो तर वर्षभरात बंद झाला. कागदावर हिशेब बरोबर होता. पण कोल्हापूरच्या वाचकाला तो किती चुकीचा होता हे लगेच कळेल: शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ एक करून ‘कोल्हापूर मध्य’ असा संघ काढला आणि दोन्ही पेठांनी मिळून ओरडावं अशी अपेक्षा ठेवली, तर शाहू स्टेडियमवर किती लोक येतील? नीथचे बरेच लोक घरीच बसले. आज देशाच्या मोठ्या सामन्याला सत्तर हजारांपर्यंत आणि प्रादेशिक संघाच्या साध्या सामन्याला काही हजार, अशी अवस्था आहे.

फुटबॉलने ही चूक होऊ दिली नाही, आणि त्याचं श्रेय प्रेक्षकांना. 18 एप्रिल 2021 ला इंग्लंडच्या सहा बड्या क्लबांसह बारा क्लबांनी बंदिस्त, म्हणजे बड्या क्लबांची जागा कायमची पक्की असलेली, सुपर लीग जाहीर केली. दोनच दिवसांनी चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी रस्ता अडवला आणि त्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. तोच हट्टी, भांडकुदळ समर्थक, ज्याच्यासाठी एवढे कायदे झाले, त्यानेच आपला क्लब वाचवला. म्हणून माझं मत असं: वेल्समध्ये रग्बी हा वर्षातून काही दिवसांचा मोठा सण आहे, आणि रोजच्या जगण्यात फुटबॉल आता पुढे गेला आहे.

पुढच्या वेळी जाताना एवढं सांभाळा. फुटबॉलला तिकीट कोणत्या स्टँडचं आहे ते आधी पाहा. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचा शर्ट घालून गेलात, किंवा त्यांच्या गोलला उडी मारलीत, तर स्टुअर्ड बाहेर काढतील आणि पैसे परत मिळणार नाहीत. गाणी ऐकायची तर कार्डिफ सिटीच्या मैदानातला कँटन स्टँड घ्या, पण तिथे लोक उभेच असतात. धुराची नळकांडी बॅगेत सापडली तरी गुन्हा. रग्बीला कोणतीही जर्सी चालते. खेळ नीट बघायचा असेल तर मद्यमुक्त विभागाचं, नाहीतर रांगेच्या मधल्या खुर्चीचं तिकीट घ्या, म्हणजे कडेला बसून सारखं उठावं लागणार नाही. सुरुवातीच्या अर्धा तास आधी जागेवर बसा. वृंदगान तेव्हाच होतं. स्टेडियमचं सरकतं छत उघडंही असू शकतं, म्हणून एक पावसाळी जाकीट बरोबर असू द्या. सुटल्यावर कार्डिफ सेंट्रल स्टेशनला गावागावाच्या वेगळ्या रांगा लागतात; आपल्या दिशेची पाटी पाहूनच उभे राहा, कारण चुकीच्या रांगेत तासभर काढून परत मागे जाणारे दर सामन्याला दिसतात.